प्रोस्टेटवरील औषधे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया : बुबुळाच्या गुंतागुंतीचे स्वरूप व प्रतिबंध

सारांश

प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावर टॅमसुलोसिन आणि त्याच वर्गातील इतर औषधे मोठ्या प्रमाणावर दिली जातात. ही औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बुबुळ शिथिल होऊन गंभीर गुंतागुंत उद्भवू शकते, हे २००५ साली प्रथम निदर्शनास आले. प्रस्तुत लेखात या गुंतागुंतीमागील शरीरक्रियाशास्त्रीय कारणे, उपलब्ध संशोधनाचे निष्कर्ष आणि प्रतिबंधाचे उपाय यांचा आढावा घेतला आहे. औषध ऐनवेळी बंद करणे हा खात्रीचा उपाय नसून, शस्त्रक्रियेपूर्वी त्या औषधाची माहिती नेत्रशल्यचिकित्सकापर्यंत पोहोचणे हाच प्रतिबंधाचा मुख्य आधार आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मोतीबिंदू, बुबुळ, प्रोस्टेट, टॅमसुलोसिन, अल्फा-१ ग्राही, शिथिल बुबुळ लक्षणसमूह.

१. प्रस्तावना

उतारवयातील पुरुषांच्या दोन तक्रारी अगदी सामान्य आहेत. एक म्हणजे डोळ्यांत उतरणारा मोतीबिंदू आणि दुसरी म्हणजे प्रोस्टेट, अर्थात पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीमुळे लघवीला होणारा त्रास. पहिलीसाठी रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे जातो, तर दुसरीसाठी मूत्ररोगतज्ज्ञाकडे किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे. या दोन तक्रारींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे रुग्णाच्या मनातही येत नाही. वैद्यकशास्त्रातही २००५ पर्यंत तो संबंध कोणी मांडलेला नव्हता.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका कौटुंबिक प्रसंगाने वेधले गेले. नात्यातील सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वीस मिनिटांत आटोपेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती तासाभराहून अधिक लांबली आणि दृष्टी सुधारण्यास पुढे कित्येक आठवडे लागले. शस्त्रक्रियेपूर्वी भरून घेतलेल्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, दमा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची चौकशी होती. लघवीच्या औषधाची नव्हती. आपण चार वर्षे रोज रात्री एक गोळी घेत आहोत, हे त्या गृहस्थांनीही सांगितले नाही. डोळ्याच्या दवाखान्यात लघवीचा विषय कशाला काढायचा, असा त्यांचा संकोच होता. न विचारलेला प्रश्न आणि न दिलेले उत्तर यांच्यामध्ये ही गुंतागुंत दडून राहिली. असे प्रसंग टाळता येण्याजोगे आहेत, हे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) बाहुलीच्या आकुंचन-प्रसरणाची यंत्रणा आणि प्रोस्टेटवरील औषधांचे कार्य यांतील दुवा स्पष्ट करणे.
(२) शिथिल बुबुळ लक्षणसमूहाविषयीच्या प्रमुख संशोधनाचा परिचय करून देणे.
(३) प्रतिबंधाच्या उपायांची चर्चा करून भारतीय परिस्थितीत, विशेषतः नेत्रशिबिरांच्या संदर्भात, त्यांचा विचार करणे.

हा लेख प्रकाशित संशोधनावर, म्हणजेच दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तो वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

३. बाहुलीचे दोन स्नायू

डोळ्याच्या दर्शनी भागात पारदर्शक पारपटल असते. त्याच्या मागे जो रंगीत, मध्यभागी छिद्र असलेला पडदा दिसतो, त्यास बुबुळ म्हणतात. बोलीभाषेत पारपटलालाही कधीकधी बुबुळ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात मात्र हा शब्द केवळ त्या रंगीत पडद्यासाठी, म्हणजे आयरिससाठी, योजला आहे. मधल्या छिद्राला बाहुली म्हणतात. बाहुलीच्या मागे नेत्रभिंग असते आणि ते एका अत्यंत पातळ, पारदर्शक पिशवीत बंदिस्त असते. हे भिंग गढूळ होणे म्हणजेच मोतीबिंदू.

बाहुली लहानमोठी करण्याचे काम बुबुळातील दोन अनैच्छिक स्नायू करतात. बाहुलीच्या कडेभोवती वर्तुळाकार असणारा आकुंचक स्नायू परानुकंपी चेतासंस्थेच्या आधीन असतो. तो आवळला की बाहुली लहान होते. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेला विस्फारक स्नायू अनुकंपी चेतासंस्थेच्या आधीन असतो. तो आवळला की बुबुळाची कड बाहेरच्या दिशेने ओढली जाऊन बाहुली मोठी होते. चेतातंतूंच्या टोकांतून स्रवणारे नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन विस्फारक स्नायूच्या पेशींवरील अल्फा-१ ग्राहींना चिकटते आणि त्यामुळे हा स्नायू आवळला जातो. अल्फा-१ ग्राहींचे ए, बी आणि डी असे तीन उपप्रकार आहेत. विस्फारक स्नायूत यांपैकी ए हा उपप्रकार प्रमुख असतो.

विस्फारक स्नायू बाहुली मोठी करतो, इतकेच त्याचे कार्य नाही. तंबूचे कापड दोरांनी ताणलेले असावे तसा तो बुबुळाचा पडदा ताणून धरतो. दोर सैल झाले की वाऱ्याच्या झोताने कापड फडफडू लागते. पुढील सर्व विवेचन समजून घेण्यास हे साम्य उपयोगी पडेल.

४. प्रोस्टेट आणि टॅमसुलोसिन

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गाला वेढून असते. वाढत्या वयाबरोबर तिची वाढ होते आणि साठीनंतर निम्म्याच्या आसपास पुरुषांमध्ये ती आढळते. ही वाढ कर्करोगाची नसते. तथापि मूत्रमार्गावर दाब आल्याने धार बारीक होणे, लघवी अडखळत होणे, रात्री वारंवार उठावे लागणे असे त्रास सुरू होतात. या अडथळ्याचा काही भाग ग्रंथीच्या आकारामुळे, तर काही भाग ग्रंथीतील व मूत्राशयाच्या मुखाशी असलेल्या अनैच्छिक स्नायूंच्या आवळण्यामुळे निर्माण होतो. हे स्नायूही अल्फा-१ ग्राहींच्या नियंत्रणाखाली असतात आणि येथेही ए या उपप्रकाराचे प्राबल्य असते.

अल्फा-१ ग्राहींना अडवणारी प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही औषधे आरंभी प्रामुख्याने रक्तदाबासाठी वापरात आली. रक्तवाहिन्यांवरही त्यांचा परिणाम होत असल्याने ती घेणाऱ्यांना उभे राहताना चक्कर येण्याचा त्रास होत असे. म्हणून प्रोस्टेटवर अधिक नेमकेपणाने कार्य करील अशा औषधाचा शोध घेतला गेला. त्यातून जपानमध्ये विकसित झालेले टॅमसुलोसिन १९९३ मध्ये तेथे आणि १९९७ मध्ये अमेरिकेत उपलब्ध झाले. ते ए आणि डी या उपप्रकारांना विशेषत्वाने अडवते. त्यामुळे रक्तदाबावर फारसा परिणाम न होता लघवीचा त्रास कमी होतो. ते लवकरच या तक्रारीवरील प्रमुख औषध बनले, हे स्वाभाविकच होते.

येथे एक विलक्षण योग लक्षात घ्यावा लागतो. ज्या नेमकेपणामुळे टॅमसुलोसिन प्रोस्टेटसाठी उत्तम ठरले, त्याच नेमकेपणामुळे ते बुबुळासाठी अडचणीचे ठरले. कारण दोन्ही ठिकाणी ग्राहींचा उपप्रकार एकच आहे. गोळी पोटात गेल्यावर रक्तामार्फत सर्व शरीरात जाते. प्रोस्टेटमधील स्नायू सैल करणारे औषध बुबुळातील विस्फारक स्नायूही सैल करते. एरवी दैनंदिन व्यवहारात रुग्णाला याची जाणीव होत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र ते उघड होते.

५. शिथिल बुबुळ लक्षणसमूहाचा शोध

कॅलिफोर्नियातील डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या नेत्रशल्यचिकित्सकांनी २००५ मध्ये या गुंतागुंतीचे प्रथम पद्धतशीर वर्णन करून तिला ‘इंट्राऑपरेटिव्ह फ्लॉपी आयरिस सिंड्रोम’ असे नाव दिले. मराठीत त्यास शिथिल बुबुळ लक्षणसमूह म्हणता येईल. त्याची तीन लक्षणे त्यांनी सांगितली.

(अ) शस्त्रक्रियेसाठी डोळ्यात सोडलेल्या द्रवाच्या सामान्य प्रवाहानेही बुबुळ लाटांप्रमाणे हेलकावणे.
(आ) शस्त्रक्रियेसाठी घेतलेल्या छेदातून बुबुळ बाहेर येऊ पाहणे.
(इ) थेंब घालून मोठी केलेली बाहुली शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तरोत्तर लहान होत जाणे.

या संशोधनाचे दोन भाग होते. पहिल्या भागात ५११ रुग्णांच्या नोंदी मागाहून तपासण्यात आल्या. त्यांपैकी १६ जण टॅमसुलोसिन घेत होते आणि त्यातील १० जणांमध्ये हा लक्षणसमूह आढळला. दुसऱ्या भागात ७४१ रुग्णांच्या सलग ९०० शस्त्रक्रियांची पाहणी झाली. त्यात १६ रुग्णांमध्ये तो दिसून आला व त्यांपैकी १५ जण टॅमसुलोसिन घेत होते किंवा पूर्वी घेत असत. एकंदर रुग्णांत प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असले, तरी औषधाशी असलेला संबंध निःसंदिग्ध होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना समाविष्ट करवली.

लहान बाहुलीचा धोका समजण्यासाठी शस्त्रक्रियेचे स्वरूप ध्यानी घ्यावे लागते. फेको पद्धतीत सुमारे अडीच मिलिमीटरच्या छेदातून सुई आत घालून ध्वनितरंगांनी भिंगाचा गाभा फोडून शोषून घेतला जातो. भिंगाची पिशवी मात्र शाबूत ठेवावी लागते, कारण नवे कृत्रिम भिंग तिच्यातच बसवायचे असते. या पिशवीची मागची बाजू केवळ काही मायक्रॉन जाडीची असते. बाहुली आकसली की शल्यचिकित्सकाला आतले नीट दिसत नाही. फडफडणारे बुबुळ सुईत ओढले जाऊन फाटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. आणि पिशवीची मागची बाजू फाटल्यास काचाभ द्रव पुढे येणे, भिंगाचे तुकडे मागे पडणे, पुढे दृष्टिपटल सुटणे असे दृष्टीला धोका पोहोचवणारे परिणाम संभवतात.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील एका व्यापक अभ्यासाने या धोक्याचे मोजमाप केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २००२ ते २००७ या काळात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ६६ वर्षे व त्यावरील ९६,१२८ पुरुषांच्या नोंदी होत्या. शस्त्रक्रियेच्या आधीच्या दोन आठवड्यांत टॅमसुलोसिन घेतलेल्यांमध्ये गंभीर गुंतागुंतीची शक्यता सुमारे २.३ पट आढळली. दर २५५ अशा रुग्णांमागे एका अतिरिक्त रुग्णाला गंभीर गुंतागुंत होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. हा आकडा घाबरवणारा नाही. मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची एकूण संख्या पाहता दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

६. औषध बंद केल्याने प्रश्न सुटतो काय?

शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस गोळी थांबवावी, हा विचार सहज सुचणारा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तशी प्रथा रुग्णांच्या परिचयाची असते. प्रस्तुत बाबतीत मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. औषध कित्येक महिने, क्वचित काही वर्षे, बंद असलेल्या रुग्णांमध्येही शिथिल बुबुळ आढळून आले आहे. दीर्घकाळ ग्राही अडवले गेल्याने विस्फारक स्नायू क्षीण होत असावा, आणि बुबुळातील रंगद्रव्यात औषध साठून राहत असावे, अशी स्पष्टीकरणे मांडली गेली आहेत. स्नायूच क्षीण झाला असेल, तर आठवडाभर गोळी न घेतल्याने तो पूर्ववत होणार नाही, हे उघड आहे.

वर उल्लेखिलेल्या ओंटारिओतील अभ्यासात पूर्वी कधीतरी टॅमसुलोसिन घेऊन नंतर थांबवलेल्यांमध्ये गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढलेले आढळले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु त्या अभ्यासात शिथिल बुबुळाची नव्हे, तर क्वचितच घडणाऱ्या गंभीर परिणामांची मोजणी झाली होती. आणि कोणाची गोळी का थांबली, हेही त्यातून कळत नाही. ऐनवेळी गोळी थांबवण्याचा लाभ होतो, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

याउलट गोळी थांबवण्याचा धोका निश्चित आहे. प्रोस्टेट वाढलेल्या रुग्णाची लघवी अचानक तुंबू शकते. त्यात बाहुली मोठी राहावी म्हणून ॲट्रोपिनचे थेंब घातले असतील, तर मूत्राशयाचे आकुंचन मंदावून ही शक्यता आणखी वाढते. म्हणून रुग्णाने आपल्या मनाने गोळी बंद करू नये. नेत्रतज्ज्ञ आणि औषध देणारे डॉक्टर यांनी मिळूनच तो निर्णय घ्यावा.

७. प्रतिबंधाचे उपाय

७.१ शस्त्रक्रियेपूर्वी

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे विचारपूस. ‘लघवीसाठी कोणती गोळी घेता का?’ इतकेच विचारणे पुरेसे नाही. ‘पूर्वी कधी घेतली होती का?’ हेही विचारावे लागते. हा प्रश्न स्त्रियांनाही विचारावा, कारण मुतखडा खाली सरकण्यासाठी किंवा लघवी अडकण्याच्या तक्रारीवर त्यांनाही टॅमसुलोसिन दिले जाते. सिलोडोसिन, अल्फुझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन यांचीही चौकशी व्हावी. यांपैकी अल्फुझोसिनमुळे हा त्रास टॅमसुलोसिनच्या तुलनेत बराच कमी आढळतो. मनोविकारांवरील काही औषधे घेणाऱ्यांमध्येही शिथिल बुबुळाची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

दुसरा उपाय क्रमाचा आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असताना लघवीचा त्रास नव्याने सुरू झाला, तर टॅमसुलोसिन लगेच सुरू न करता शस्त्रक्रिया आधी उरकून घेणे शक्य आहे काय, याचा विचार व्हावा. अशा रुग्णांत हे औषध नव्याने सुरू करू नये, अशी सूचना अमेरिकेतील माहितीपत्रकातच आहे. त्यासाठी औषध देणाऱ्या डॉक्टरांनीही रुग्णाला ‘मोतीबिंदू आहे का?’ असे विचारायला हवे. बाहुली थेंबांनी कितपत मोठी होते हे तपासणीच्या वेळी पाहून ठेवल्यास शल्यचिकित्सकाला पूर्वसूचना मिळते. मात्र बाहुली चांगली मोठी झाली म्हणून धोका टळला, असे मानता येत नाही.

७.२ शस्त्रक्रियेच्या वेळी

पूर्वकल्पना असलेल्या शल्यचिकित्सकाला अनेक मार्ग उपलब्ध असतात. पुरेशा लांबीचा व घट्ट बसणारा छेद घेणे, द्रवाचा प्रवाह व शोषणाचा जोर कमी ठेवणे, भिंग सुटे करण्यासाठी द्रव हळुवारपणे सोडणे, ही पहिली पायरी होय. दुसरी पायरी औषधांची. फेनिलेफ्रिन किंवा ॲड्रेनॅलिन योग्य प्रमाणात विरल करून थेट डोळ्याच्या पुढील कप्प्यात सोडल्यास उरलेसुरले ग्राही उद्दीपित होतात, विस्फारक स्नायूला ताण येतो आणि बुबुळ काहीसे ताठ होते. मात्र हे द्रावण डोळ्याच्या आत वापरण्यास सुरक्षित, परिरक्षकविरहित असावे लागते. दाट व्हिस्कोइलॅस्टिक द्रव्याने बुबुळ मागे दाबून बाहुली रुंद ठेवणे, हाही एक उपाय आहे.

तिसरी पायरी यांत्रिक साधनांची. चार किंवा पाच बारीक आकड्यांनी बुबुळाची कड ओढून धरता येते. आकडे चौकटीच्या इटीप्रमाणे, म्हणजे एक आकडा छेदाच्या खालीच येईल असे बसवल्यास बुबुळ छेदातून बाहेर येण्याची शक्यता कमी होते. आकड्यांऐवजी बाहुलीत कडे बसवण्याची पद्धतही रूढ झाली आहे. रशियातील बोरिस माल्युगिन यांचे कडे सुमारे २००७ पासून परिचित आहे, तर कोलकात्याचे नेत्रतज्ज्ञ सुवेन भट्टाचार्जी यांनी २०१४ मध्ये आपल्या कड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ही साधने आरंभीच बसवणे हिताचे असते; भिंगाच्या पुढच्या पिशवीला गोल छेद घेऊन झाल्यावर आकसलेल्या बाहुलीत ती बसवताना पिशवीची कड दुखावण्याचा संभव असतो. इतर लहान बाहुल्यांच्या बाबतीत उपयोगी पडणारी बाहुली ताणण्याची युक्ती मात्र येथे निरुपयोगी ठरते; शिथिल बुबुळ ताणले तरी पुन्हा मिटते.

पूर्वकल्पनेने काय साधते, याचा पुरावा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात मिळतो. टॅमसुलोसिन घेणाऱ्या १३५ रुग्णांच्या १६७ डोळ्यांवर, औषधाची पूर्ण माहिती असताना आणि वरील तंत्रे हाताशी ठेवून, शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ९० टक्के डोळ्यांत कमीअधिक प्रमाणात शिथिल बुबुळ आढळले आणि ४३ टक्क्यांत ते तीव्र होते. तरीही भिंगाची पिशवी फाटण्याचे प्रमाण केवळ ०.६ टक्के राहिले. २००५ च्या संशोधनातील पहिल्या भागात, जेव्हा या संबंधाची कोणाला कल्पनाच नव्हती, तेव्हा टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांच्या घरात होते. दोन्ही अभ्यासांतील शल्यचिकित्सक व रुग्णसंख्या वेगवेगळी असल्याने आकड्यांची तंतोतंत तुलना करणे योग्य नाही. तथापि त्यातून निघणारा बोध स्पष्ट आहे : बुबुळ शिथिल होणे टाळता आले नाही, तरी त्यातून होणारे नुकसान बहुतांशी टाळता येते.

८. भारतीय संदर्भ

भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. तरीही २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच होते. आपल्याकडील बऱ्याच शस्त्रक्रिया शिबिरांमार्फत निवडलेल्या रुग्णांवर होतात आणि त्यांत टाक्यांविना लहान छेदाची हाताने करण्याची पद्धतही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. या पद्धतीत भिंगाचा गाभा अखंड स्वरूपात बाहुलीतून पुढे आणावा लागतो. म्हणून बाहुली आकसणे तेथेही तितकेच अडचणीचे ठरते, आणि छेद मोठा असल्याने बुबुळ बाहेर येण्याचा प्रश्नही उरतोच.

विचारपुशीतील अडचणी आपल्याकडे अधिक आहेत. रुग्ण गोळीला नावाने ओळखत नाही. ‘रात्रीची गोळी’, ‘लघवीची गोळी’ एवढेच त्याला ठाऊक असते. टॅमसुलोसिन बाजारात अनेक व्यापारी नावांनी आणि पुष्कळदा ड्युटास्टेराइडसह संयुक्त गोळीच्या रूपात मिळते. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे औषध घेणारे रुग्णही कमी नाहीत. त्यात लघवीच्या तक्रारीविषयी, विशेषतः परक्या तरुण परिचारिकेसमोर वा सुनेसमोर, बोलण्याचा संकोच असतो. म्हणून तोंडी उत्तरावर न विसंबता घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणण्यास सांगणे अधिक खात्रीचे ठरते.

या ठिकाणी महाविद्यालयांचाही संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या अनेक एककांतर्फे दत्तक गावांत नेत्रतपासणी शिबिरे घेतली जातात आणि रुग्णांची नोंदणी आपले विद्यार्थीच करतात. नोंदणीपत्रकात ‘लघवीच्या त्रासावर सध्या किंवा पूर्वी गोळी घेतली आहे काय?’ ही एक ओळ वाढवण्यास कोणताही खर्च नाही. विद्यार्थ्यांनी आजोबांच्या वयाच्या रुग्णांना बाजूला घेऊन आदराने हा प्रश्न विचारावा आणि पाकिटावरील नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे, एवढे प्रशिक्षण अर्ध्या तासात देता येते.

९. निष्कर्ष

(१) प्रोस्टेट आणि बुबुळ या दोन्ही ठिकाणी अल्फा-१ ए ग्राही प्रमुख असल्याने टॅमसुलोसिनचा परिणाम दोहोंवर होतो.
(२) औषध बंद केल्यानंतरही बुबुळाची शिथिलता राहू शकते; म्हणून पूर्वी घेतलेल्या औषधाची माहितीही तितकीच महत्त्वाची आहे.
(३) रुग्णाने स्वतःहून औषध थांबवू नये.
(४) पूर्वकल्पना असल्यास योग्य तंत्रांच्या साहाय्याने गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण अत्यल्प ठेवता येते.
(५) शस्त्रक्रियापूर्व अर्जात व शिबिरांच्या नोंदणीपत्रकात या औषधाविषयीचा प्रश्न असणे आवश्यक आहे.

१०. समारोप

वैद्यकशास्त्राच्या शाखा जसजशा विस्तारत गेल्या, तसतशी एकाच शरीराची माहिती निरनिराळ्या दालनांत विभागली गेली. मूत्ररोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवरील एक नाव नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावर पोहोचले नाही, तर त्याची किंमत रुग्णाचा डोळा मोजतो. ही दालने जोडणारा एकमेव दुवा बहुधा रुग्ण स्वतः किंवा त्याच्या घरची माणसे असतात. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, सेवानिवृत्त सहकारी आज या वयात आहेत आणि उद्या आपणही असणार आहोत. त्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरेल, त्या दिवशी गोळ्यांचे पाकीट खिशात टाकून सोबत जाणे आणि संकोच बाजूला ठेवून ते डॉक्टरांपुढे ठेवणे, एवढे आपल्या हातात निश्चितच आहे.